राखाडी टोपण

रक्त काढताना बाबा नेहमी भिंतीकडे तोंड फिरवतात. चाळीस वर्षं टेलरकाम केलेला माणूस, ओठांत चार-चार टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी गप्पा मारणारा. पण सुई स्वतःच्या दंडाकडे आली की त्यांचं धाबं दणाणतं. म्हणून त्यांचं रक्त मीच काढते, घरी, सकाळी, उपाशीपोटी. लॅबमध्ये माझी बावीस वर्षं गेली. दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नाहीत, याचा मला मोठा तोरा होता.

चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी साखर आणि इन्सुलिन, दोन्ही तपासायला सांगितलं. साखरेला राखाडी टोपणाची ट्यूब लागते. तिच्यात तळाशी चिमूटभर पावडर असते. ती नसेल तर रक्तातल्या पेशी ट्यूबमध्येही साखर खात बसतात. इन्सुलिनला लाल टोपणाची चालते. माझ्या पर्समध्ये राखाडी संपल्या होत्या. म्हटलं, घरचंच तर रक्त आहे, लालमधूनच दोन्ही करू. पोचल्या पोचल्या मशीनमध्ये फिरवून पेशी वेगळ्या केल्या की झालं.

पोचले तर इन्सुलिनचं मशीन रुसलेलं. ठरलेल्या आकड्याचं द्रावण घालावं तर ते भलताच आकडा दाखवी. साडेचार तास मी त्याच्या नाकदुऱ्या काढल्या. बाबांची ट्यूब तोवर न फिरवता स्टँडमध्ये तशीच उभी होती. दुपारी तपासली, तर साखर एकशे चार. हा आकडा खरा नाही हे मला तिथेच कळलं होतं. पण पुन्हा रक्त काढायचं म्हणजे पुन्हा त्यांना उपाशी ठेवा, पुन्हा समजूत घाला. मी कंटाळा केला, एवढंच. परक्याच्या ट्यूबला मी असं केलं नसतं.

रिपोर्टवर सही केली. डॉक्टरांनी दोन्ही आकडे जुळवून पाहिले आणि खूश होऊन साखरेची गोळी अर्धी केली. बाबा गल्लीभर सांगत सुटले.

गेल्या महिन्यात त्यांच्या पायात शिलाई मशीनची मोडकी सुई घुसली. साखरेने पाय बधिर झालेले, त्यामुळे तीन दिवस त्यांना पत्ताच नाही. मोजा ओला लागला म्हणून आईने पाहिलं. जखम चिघळत गेली आणि परवा पायाचा अंगठा काढला.

मला काही वाटलं नाही. रडू आलं नाही. वेळेवर भूक लागली, मी डबा खाल्ला, डबा घासला.

काल सकाळी वॉर्डात पुन्हा त्याच दोन तपासण्यांसाठी रक्त काढलं. एक लाल ट्यूब जास्तीची घेतली आणि मुद्दाम साडेचार तास उभी ठेवली. राखाडी टोपणाची साखर दोनशे बारा आली. उभ्या ठेवलेल्या लालची एकशे सत्तावन्न. कागदावर हिशेब मांडला. तेव्हाचे एकशे चार म्हणजे खरे एकशे चाळीस.

संध्याकाळी गेले तेव्हा दादा बाबांच्या खाटेजवळ बसून गोळी अर्धी करणाऱ्या डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडत होता. हातात तक्रारीचा अर्ज होता.

"उद्या देतोच हा. तुझा रिपोर्ट जोडलाय. तुझा आकडा काही चुकायचा नाही, म्हणजे याचंच डोकं ठिकाणावर नव्हतं."

"दादा, तो रिपोर्ट चुकीचा आहे," मी म्हणाले.

मग सगळं सांगितलं. ट्यूब, मशीन, कंटाळा, सही. आवाज लॅबमध्ये नंबर पुकारावा तसा सपाट निघत होता. पायथ्याशी बसलेल्या आईने पदर तोंडाला लावला. दादाने अर्ज मांडीवर ठेवून डॉक्टरांचं नाव खोडलं. त्या जागी काही लिहिलं नाही.

बाबांनी विचारलं, "कितीचा फरक?"

"छत्तीसचा. फार तर चाळीस."

"एवढं कापडात चुकलं असतं तर मी गिऱ्हाइकाला नवीन शिवून दिलं असतं," ते म्हणाले आणि डोळे मिटून पडले.

रात्री मी व्यवस्थित झोपले. आज सकाळी आधी त्या डॉक्टरांना गाठून सांगितलं. ते म्हणाले, "लेखी द्या." दिलं.

मग बाबांकडे गेले. दुसरी टेक्निशियन पाठवू का, असं सिस्टरने त्यांना विचारलं होतं म्हणे. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं होतं. मी दंडाला पट्टा बांधला. बाबांनी तोंड फिरवलं नाही. माझ्या हातांकडे बघत राहिले.

"टोपण दाखव."

मी ट्यूब त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

"राखाडीच ना हे?"

"हो, बाबा."

त्यांनी नीट पाहून घेतलं आणि मग भिंतीकडे तोंड फिरवलं. "हं, काढ."

मी वाकले. समोरचा हात धूसर झाला होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला शीर सापडली नाही.