सत्त्याण्णवचा ताळा

मी नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशी बोलतेय. नाव लांबलचक आहे, पण त्याला माझा इलाज नाही. दहा लाखांच्या आतली सगळ्यांत मोठी अभाज्य संख्या मीच. फक्त एकाने आणि माझ्यानेच मला पूर्ण भाग जातो. बाकी मी कुणाच्या अध्यात ना मध्यात.

मला जन्म नाही, म्हातारपण नाही. ते माणसांना असतं. एका निवृत्त गणिताच्या बाईंना पक्षाघाताचा झटका आला. त्या सावरल्या, पण दोनदा गॅस चालू राहिला. त्यांची मुलगी प्रयोगशाळेत रक्त तपासते. ती म्हणाली, "आई, आता एकटीने राहणं बास. माझ्याकडे चल."

बाई हट्टाला पेटल्या. "डोकं ठिकाणावर आहे की नाही, ते वहीत दाखवते. एक चूक झाली तर निमूटपणे येते."

वहीत त्यांनी मला मांडलं. मला दोन अवयव असते, तर त्यातला एक हजाराच्या आतच सापडला असता. म्हणून हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट अभाज्य संख्यांनी मला भागून पाहायचं. उजवा हात ऐकेना, म्हणून डाव्या हाताने. रोज सकाळी पाच भागाकार, आणि प्रत्येकाचा ताळा. भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी. मी जशीच्या तशी परत यायला हवी. चाळीस वर्षं त्यांनी वर्गात हेच घोकून घेतलं होतं.

पाचव्या दिवशी सत्त्याण्णव आला. शेवटी आठशे त्र्याऐंशीतून आठशे त्र्याहत्तर वजा करायचे होते. बाईंनी शून्य लिहिलं. म्हणजे मी भाज्य! मला हसू आलं, पण बाईंचा चेहरा पाहिला आणि वाईट वाटलं.

मग त्यांनी ताळा केला. सत्त्याण्णव गुणिले दहा हजार तीनशे नऊ. मी परत आले नाही; दहा कमी पडले. बाई कितीतरी वेळ त्या शून्याकडे बघत राहिल्या. पेन्सिलीने लिहिलेलं, खोडरबर हाताशी. मुलगी यायला अजून तास होता.

त्यांनी लाल पेन घेतलं आणि शून्याभोवती गोल केला.

मुलगी आली. वही बघून म्हणाली, "हा गोल कुणी केला?"

"मीच. हरले मी. बॅग काढ."

मुलगी खाली बसली. "आमच्या प्रयोगशाळेत चुका सगळ्यांच्याच होतात, आई. स्वतःहून दाखवायला कुणी येत नाही." वही आईपुढे सरकवत म्हणाली, "पुढचा एकशे एक ना? चालू दे."

महिन्याभराने शेवटचा भाजक, नऊशे सत्त्याण्णव, झाला. बाकी नऊशे एकोणनव्वद. मी होते तशीच आहे, अभाज्य.

बाईही आपल्या घरीच आहेत. बाहेर निघताना गॅस बंद करतात, कुलूप लावतात, चार पायऱ्या उतरतात. मग परत वर येऊन कुलूप उघडतात आणि गॅसचं बटण हाताने चाचपून बघतात. शेजारीण विचारते, "काय विसरलात?"

"काही नाही," बाई म्हणतात, "ताळा करतेय."