अकरावी सही

२०१५ सालची गोष्ट. ऑक्टोबरात नगरपालिकांच्या निवडणुका होत्या, आणि मतपत्रिकेवर नाव यायचं तर पक्षाला सह्या गोळा करणं भाग होतं. पक्ष म्हणजे तरी काय? डॅन्यूबकाठच्या त्या गावात उरलेली नऊ म्हातारी माणसं, चांभाराच्या जुन्या दुकानामागची एक खोली आणि भिंतीवर ओल धरलेला लेनिन. राइना शाखेची चिटणीस होती. वय बहात्तर.

"राइनाबाई, अकरा सह्या कमी पडतायत," शाखाप्रमुख लोझान खोकत म्हणाला. "उद्या दुपारच्या गाडीने कागद राजधानीला, सोफियाला गेले पाहिजेत."

"नाही गेले तर?"

"तर आपल्या नऊ जणांची दारावर चिकटवायची निधनपत्रकं एकदमच छापून घेऊ. खळीचा खर्च तरी वाचेल."

राइना दिवसभर जिने चढली, उतरली. कोणी जुन्या ओळखीखातर सही केली, कोणी ती लवकर टळावी म्हणून. दहा झाल्या. अकरावीला दार उघडेना. मग ती स्वयंपाकघरात येऊन बसली आणि समोरच्या दारी राहणाऱ्या नेव्यानाचं नाव, तिचा पाठ असलेला ओळखक्रमांक आणि तिची सही एका दमात लिहून मोकळी झाली.

नवं काय त्यात? त्या हाताला सवय होती. नेव्यानाचा बाप १९५१ साली नदीतल्या बेटावरच्या कम्युनिस्ट सरकारच्या कैदछावणीत गेला तो परत आला नाही. पुढे १९७५च्या सुमाराला ती या इमारतीत राहायला आली, तेव्हा इमारतीची यादी राइनाकडे असे. एक मेच्या मिरवणुकीला कोण आलं, कोण नाही, ते त्यात लिहायचं. नेव्याना एकदाही गेली नाही. दर वर्षी तिच्या नावापुढे राइनाच सही करायची, म्हणून नेव्यानाची शाळेतली नोकरी टिकली. त्यावर दोघींनी कधी अवाक्षर काढलं नाही. हिवाळ्याची मिरच्यांची चटणी मात्र तेव्हापासून एकाच पातेल्यात व्हायला लागली.

त्याही सप्टेंबरात दोघी अंगणात शेगडी पेटवून बसल्या. नेव्यानाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून भाजायचं काम राइनाचं आणि बोटांच्या अंदाजाने सोलायचं नेव्यानाचं.

"व्हिएन्नाहून बिसेराचा फोन होता," नेव्याना म्हणाली. बिसेरा तिची मुलगी. "आपलं नाव कुठल्या पक्षाच्या सह्यांच्या यादीत आहे ते इंटरनेटवर बघता येतं म्हणे. मला विचारते, आई, म्हातारपणी कम्युनिस्ट झालीस का?"

राइनाचा चिमटा मिरचीवरच थांबला. "मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, पेन्शन वाढत असेल तर होते." नेव्याना हसली आणि मग हसायची थांबली. "तक्रार करायची आहे. मला दिसत नाही, तू लिहून दे."

राइनाने वर जाऊन कागद आणला. माझ्या नावाने कोणीतरी खोटी सही केली आहे, असं तिने आपल्या सुबक अक्षरात लिहिलं. डोळ्यांना पाणी आलं, पण धूर होताच.

"झालं? आता खाली माझी सही कर. मला रेघ सापडायची नाही. तुला काय, सवय आहे."

राइनाने पेन खाली ठेवलं.

"नेव्याना, ती सही मी केली."

नेव्याना मिरची सोलत राहिली. "ठाऊक आहे. माझा नंबर दोघींनाच पाठ आहे. त्यातली एक व्हिएन्नात असते."

"मग आल्या आल्या विचारलं का नाहीस?"

"तू सांगतेस का, ते बघत होते." तिने हात झग्याला पुसले. "मिरवणुकीच्या यादीत सही करायचीस, तेव्हा मला पाठीशी घालायचीस. आता मला कुठे नेऊन बसवलंस गं?"

"एकच कमी पडत होती."

"माझ्या बापाला नेणाऱ्यांनाही एकच माणूस कमी पडत होता. गावागावाला आकडा ठरवून दिलेला असायचा."

राइनाने त्याच कागदावर खाली लिहिलं, खोटी सही करणारी मी, आणि स्वतःचं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी निवडणूक कचेरीत तो कागद तिने स्वतःच नेऊन दिला. नेव्याना आपल्या वाटणीच्या मिरच्या घेऊन वर गेली होती. त्या तिने स्वतःच्याच पातेल्यात शिजवल्या.

पक्षाला गावात एक्केचाळीस मतं पडली. राइनाला तीनदा चौकशीला बोलावलं आणि वयाकडे बघून सोडून दिलं. लोझानने तिला पक्षातून काढलं, नवाचे आठ झाले. पुढल्या वर्षी तो मुलाकडे स्पेनला गेला आणि तिकडेच वारला. खोलीत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

नेव्यानाच्या डोळ्यांचं ऑपरेशन चांगलं झालं. जिन्यात भेटली की ती राइनाची विचारपूस करायची, पण अंगणात पुन्हा कधी बसली नाही. २०१९च्या हिवाळ्यात ती गेली.

निधनपत्रक छापायला बिसेराने राइनालाच सांगितलं. "राइनामावशी, शोक करणाऱ्यांत तुमचंही नाव घाला." राइनाने सगळ्यांची नावं लिहून दिली. स्वतःचं लिहायला घेतलं आणि खोडलं.

राइना आता ब्याऐंशी वर्षांची आहे. दर वर्षी नेव्याना गेली त्या तारखेला, तिथल्या रिवाजाप्रमाणे, समोरच्या दारावर नवं पत्रक तीच चिकटवते. त्यावर तिचं नाव नसतं.