उजव्या बगलेतली पोर

बाजारातून येताना मोटारसायकल घसरली आणि विनार्नीचा डावा खांदा मोडला. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधून दिला. सहा आठवडे हलवायचा नाही म्हणाले. पण हे तिच्या चार महिन्यांच्या लेकीला, सेकारला, कोण समजावणार?

जन्मल्यापासून पोर आईच्या डाव्या कुशीत वाढलेली. झोळीची गाठ उजव्या खांद्यावर, लेकरू डावीकडे. क्लातेन गावातल्या तिच्या गल्लीतल्या साऱ्या बायका अशाच घेत. उजवीकडे धरलं की सेकार धनुष्यासारखी ताणायची, लालबुंद होऊन किंचाळायची. दूध तोंडातसुद्धा घेईना.

दुसऱ्या दिवशी सासू, पोनिजाह, वाटीत केळं कुस्करून घेऊन आली.

"पुरे झाला हट्ट. भरवते मी."

"नाही इबू." सासूला ती इबू, म्हणजे आई, म्हणायची. "एवढ्याशा पोटाला केळं कसलं? दूध आहे, बाजू तेवढी सापडत नाहीये."

"सापडायचंय काय त्यात? दोनच तर बाजू आहेत!"

विनार्नी चटईवरच्या पोरीकडे बघत राहिली. रडून दमलेली सेकार उजव्या कुशीवर पडली होती. डावीकडे पाजतानाही ती अशीच असायची. उजव्या हातावर घेतलं की मात्र तिला डाव्या कुशीवर पडावं लागे.

"इबू, माझ्या उजवीकडे उशी ठेवा. आता तिला उचला. वळवू नका हं, आहे तशीच इकडे सरकवा."

"अगं, पाय कुठे जातील?"

"माझ्या बगलेतून मागे."

पोनिजाहने तसं केलं आणि तिला हसू आवरेना. "कोंबडी बगलेत मारून बाजाराला निघाल्यासारखी दिसतेस!"

सेकारने तोंड फिरवलं. पुन्हा लावली, पुन्हा फिरवलं. विनार्नीचा खांदा ठणकत होता, ब्लाउज दुधाने चिंब झाला होता.

"राहू दे गं पोरी," सासू म्हणाली.

"अजून एकदा."

चौथ्या खेपेला पोरीने हुंदका दिला, नाक घासलं आणि घट्ट धरलं. घटाघट आवाज यायला लागला, तेव्हा पोनिजाहने पदराने सुनेच्या कपाळावरचा घाम टिपला.

सहा आठवडे रोज असंच चाललं. हात सुटला तेव्हा काटकीसारखा झाला होता आणि पोर चांगली गुटगुटीत. त्या हाताला ती पेलेना. मग हातात पुन्हा बळ यावं म्हणून विनार्नी रोज सकाळी भिंतीशी उभी राहून भिंतीवरून डाव्या हाताची बोटं वर वर चालवायची. काल जिथे थांबली होती, त्याच्या बोटभर पुढे.