गुरुवारचा बांगडा

दर गुरुवारी सकाळी माडवेळ गावाच्या समुद्राकडच्या टोकावर पाय ठेवायला जागा उरत नसे. देवगडपासून शिरोड्यापर्यंतचे टेम्पो आणि रिक्षा माडांखाली उभ्या असत आणि माणसं खडपांवर दाटीवाटीने बसलेली असत. मधोमध जांभ्याच्या चिऱ्यांचा चौथरा आणि त्याच्या बाजूला भगव्या छाटीतले गरुडबाबा.

"भक्तहो, हे साक्षात विष्णूचं वाहन," बाबा लाऊडस्पीकरवरून सांगत. "संपूर्ण शिवराक, शाकाहारी. खोबरं आणि गूळ यापलीकडे चोचीला काही लावत नाही. त्याने तुमच्या नावाची खोबऱ्याची पुडी उचलली, की तुमचा रोग उचलला. आणि नाही उचलली, तर दोष आपल्या घरात शोधा."

मग बाबा शंख फुंकत. विटकरी पंखांचा, पांढऱ्या डोक्याचा तो पक्षी वर दोन घिरट्या घाली, सरळ खाली येई आणि चौथऱ्यावरची लाल पुडी पायांत धरून निघून जाई. शेकडो हात जोडले जात. संधिवात, मूळव्याध, मधुमेह असं सगळं पायात धरून उडायचं म्हणजे त्या पाखराची काय दमछाक होत असेल, हा विचार मात्र कोणाच्या मनात येत नसे.

नर्मदाबाईंच्या मनात तो आला होता. तीस वर्षं त्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला आणि पक्ष्यांच्या मागे लागल्या. तळेऱ्यापासून शिरोड्यापर्यंत शाळा, वाचनालयं, महिला मंडळं, जिथे बोलावतील तिथे त्या जात, भिंतीवर पांढरी चादर टांगून फोटो दाखवत आणि तासभर बोलत. गावात ज्याला गरुड म्हणतात, तिला पुस्तकात ब्राह्मणी घार म्हणतात, हे त्यांनी निदान पन्नास ठिकाणी सांगितलं असेल. त्या गुरुवारीही त्या लांबच्या खडपावर कुरव पक्ष्यांसाठी बसल्या होत्या आणि जाता जाता त्यांनी घारीचे फोटो घेतले.

परतताना वाटेत तुळसा भेटली. सोबत तिची बारा वर्षांची नम्रता होती आणि नम्रताच्या कपाळाला पट्टी होती. ही पोर नर्मदाबाईंच्याच हातावर जन्मलेली. सातव्या वर्षापासून तिला फिट यायची. गोळ्या सुरू झाल्या आणि मग दोन वर्षं एकदाही आली नव्हती.

"ह्या काय लागला गो?" नर्मदाबाईंनी विचारलं.

तुळसा आधी टाळत होती. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पौषात गरुडाने नम्रताच्या नावाची पुडी उचलली, म्हणून गोळ्या बंद केल्या होत्या. त्यानंतर दोन फिटी येऊन गेल्या. दुसरी आली तेव्हा पोर विहिरीच्या काठावर होती. आत पडायची ती बाहेर पडली, एवढंच.

"दोष आमचोच, नर्सबाय," तुळसा म्हणाली; सासऱ्यांना ती मामा म्हणे. "मामांनी गुरवारी बांगडो खाल्ल्यानी. बाबान बरोबर ओळाखल्यान. दुसऱ्या पुडयेक गरुड शिवलो पण नाय."

नर्मदाबाईंनी तिला समजावलं, मग रागावल्या, मग अगदी हात जोडले. तुळसा मान हलवत राहिली, पण गोळी सुरू करते असं काही म्हणाली नाही. पक्षी डोळ्यांदेखत खाली येतो, त्यापुढे नर्सबाईचं बोलणं किती टिकणार? नर्मदाबाई संतापातच घरी आल्या. तिसरी फिट विहिरीच्या कुठल्या बाजूला येईल, ते कोणी सांगू शकत नव्हतं.

रविवारी माडवेळच्या वाचनालयात त्यांचं पक्ष्यांवर व्याख्यान ठरलं होतं. त्यासाठी फोटो निवडायला त्या बसल्या. घारीचा एक फोटो त्यांनी मोठा करून पाहिला, मग आणखी मोठा केला. मग त्यांना पूर्वीचा एक फोटो आठवला आणि तो उघडून पाहताच त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

रविवारी दुपारी खिडक्यांना अंधारासाठी गोणपाट लावलं जात असताना वाचनालयाचे चिटणीस भाई जवळ आले. दीप लावायला आपण गरुडबाबांनाच बोलावलं आहे, असं त्यांनी सांगितलं आणि आवाज उतरवून विनंती केली, "बाई, बगळे दाखवा, खंड्या दाखवा. गरुड तेवढा सोडा. लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे."

"भाई, माझ्याही भावना आहेत," नर्मदाबाई म्हणाल्या. "गरुड सोडायचा असेल तर चादर आत्ताच उतरवते."

भाईंनी गोणपाटाचं टोक धरलं. कार्यक्रमाच्या वेळेला सभागृह भरलं होतं आणि बाबा पहिल्या रांगेत खुर्चीवर विराजमान होते. दिवा लागला. बगळे झाले, खंड्या झाला, कुरव झाले. मग चादरीवर घार आली. पायांत लाल फडकं होतं, अर्धवट फाटलेलं, आणि त्यातून काहीतरी लोंबत होतं. नर्मदाबाईंनी फोटो मोठा केला.

"माझे डोळे आता म्हातारे झाले," त्या म्हणाल्या. "हे काय आहे, कोणी सांगेल का?"

दुसऱ्या रांगेत मासे विकणाऱ्या बायका होत्या. त्यांतली सारिका पटकन म्हणाली, "पेडवो."

"कसलो पेडवो?" शेजारची आनंदीबाई तिच्यावर उखडली. चाळीस वर्षं ती बाजारात बसत होती. "पेडव्याच्या पाठीर अशे रेघो आसतत? शेपटी बग. बांगडो तो."

मागून एक खलाशी आनंदीबाईच्या बाजूने बोलला, दुसरा सारिकाच्या. माशाच्या बाबतीत माडवेळचा माणूस गप्प बसेल तर शपथ. दोन मिनिटं नुसता कालवा चालला आणि शेवटी बांगड्यावर एकमत झालं. आपण काय बोलून बसलो, ते लोकांच्या मग ध्यानात आलं आणि माना पहिल्या रांगेतल्या बाबांकडे वळल्या.

"फोटो गेल्या गुरुवारचा आहे," नर्मदाबाईंनी सांगितलं. "कोपऱ्यात तारीख आहे."

मागे नम्रताला घेऊन बसलेली तुळसा उठून उभी राहिली.  "मामांनी गुरवारी बांगडो खाल्ल्यानी म्हणान माझ्या चेडवाक फिट इली. मगे गरुडान खाल्ल्यान त्येचा काय?"

बाबांनी डोळे मिटले आणि हात वर केला. माते, भक्तीच्या तेजाने खोबऱ्याचं मत्स्यरूप होतं, ही मत्स्यावताराची लीला आहे, असं त्यांनी सांगितलं.

"माज्या टोपलेत चार नारळ घालतंय," आनंदीबाई म्हणाली. "त्येंचे बांगडे करून दी. फाटे उठून जेटीर जावचो तरास वाचात."

सभागृह हसलं. नर्मदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढचा फोटो लावला. तेच टोक, पण चौथरा नाही आणि गर्दीही नाही. गळ्यात शंख अडकवलेला एक माणूस लाल फडक्यात मासे गुंडाळून घारींपुढे टाकत होता. तो बाबांचा शिष्य महादू होता.

"हा फोटो नोव्हेंबरचा. तेव्हा बाबा इथे आलेसुद्धा नव्हते. मी हा तीन गावांत दाखवला आणि 'आपला एक पक्षीमित्र' म्हणून या माणसाचं कौतुक केलं. मीही फसले. घार हुशार असते. शंख वाजला आणि लाल दिसलं की मासा मिळतो, हे ती काही दिवसांत शिकते. तुमचं खोबरं महादू मंत्र घालायला म्हणून चौथऱ्यामागे नेतो. नव्या माणसाची पुडी लाल फडक्यात येते, मासा घालून. तक्रार घेऊन आलेल्याची पिवळ्या फडक्यात; तशा चौथऱ्यावर पडून राहिलेल्या पुड्याही माझ्या फोटोंत आहेत. तुळसा, तुझी दुसरी पुडी कुठल्या रंगाची होती?"

"पिवळी," तुळसा म्हणाली.

दाराशी उभा असलेला महादू तोवर चपला विसरून पसार झाला होता. बाबा मात्र उठले आणि कडाडले, की माझ्या मंत्राशिवाय, माझ्या शंखाशिवाय गरुड पुडीला शिवून दाखवू दे.

"चला," नर्मदाबाई म्हणाल्या. "अजून ऊन आहे."

सगळं सभागृह टोकावर गेलं. आनंदीबाईने कुठूनसा ओटीचा लाल खण आणला आणि तुळसाने स्वतःच्या हाताने त्यात खोबऱ्याचा तुकडा बांधून पुडी चौथऱ्यावर ठेवली. शंख नाही, मंत्र नाही. लोक मागे सरले. घार आली, एक घिरटी घातली आणि खण उचलून माडावर बसली. तिने तो चोचीने फाडला, आत पाहिलं आणि खोबरं खाली टाकून दिलं. ते भाईंच्या पायाशी येऊन पडलं. भाईंनी ते उचललं, बाबांच्या हातात ठेवलं आणि फोटोंसकट पोलीस ठाण्यात जाण्यासाठी रिक्षा बोलावली.

नर्मदाबाई चौथऱ्यावर चढल्या. त्यांना आता लाऊडस्पीकर लागत नव्हता. "तुम्ही बाजारात मासा कसा घेता? कल्ला उघडून बघता, बोट दाबून बघता. विकणारी सख्खी मावशी असली तरी बघता. मग जो तुमच्या पोरांची औषधं बंद करतो, त्याचा कल्ला उघडून बघायला कसली लाज? पाखराने पुडी नेली म्हणून कोणाचा रोग जात नाही. विचारा. तपासा. आणि पटलं नाही तर तोंडावर सांगा, समोर कितीही मोठा महाराज असो."

गर्दी पांगू लागली तेव्हा तुळसा नम्रताचा हात धरून जवळ आली. उद्या पहिल्या गाडीने डॉक्टरांकडे जायचं, नर्मदाबाईंनी सोबत यायचं, हे दोघींत ठरलं. तरी तुळसा घुटमळत होती.

"नर्सबाय, गोळी गुरवारी पण देवची?"

"गुरवारी पण," नर्मदाबाई म्हणाल्या. "रोज, न चुकता. आणि मामांका सांग, बांगडो खुशाल खावा."