एका नावाचे दोघे

मल्हार शेंडगे गेल्याची बातमी सणसरमध्ये दुपारी आली. आधी ती गावातल्या लखनच्या मोबाईलवर आली आणि त्यानं ती पुढं पाठवली. सीमेवरच्या माऱ्यात पुणे जिल्ह्यातला जवान मल्हार शेंडगे शहीद, एवढंच त्यात होतं. फोटो नव्हता. तो कुणीतरी मागाहून जोडला, मल्हारच्याच स्टेटसवरचा, वर्दीतला. संध्याकाळ व्हायच्या आत तो फोटो अख्ख्या इंदापूर तालुक्यात फिरला. चौकात फ्लेक्सही लागला.

मल्हारचा बाप म्हस्कू तेव्हा वांग्यांना पाणी देत होता. एकेकाळी त्यानं मेंढरं राखली होती. कालव्याचं पाणी मिळायला लागल्यावर ती विकून तो भाजीपाल्याकडं वळला होता. लढाई सुरू झाल्यापासून त्यानं घरातला टीव्ही बंद ठेवला होता. टीव्हीवर दिवसभर नुसता ओरडा चालायचा. ड्रोन, क्षेपणास्त्रं आणि मधूनच अणुबॉम्ब. आदल्या दिवशी पारावर एक जण म्हणाला होता, "एकदाचा टाकून मोकळं व्हावं." म्हस्कू उठून घरी आला होता. त्याचा पोरगा तिकडंच होता, पूंछच्या डोंगरात.

तो घरी पोचला तेव्हा ओट्यावर बायका बसल्या होत्या. त्याची बायको साखरबाई भिंतीला टेकून होती. ती रडत नव्हती, कुणाकडं बघतही नव्हती. सून प्रगती दारात उभी राहून फोन लावत होती. मल्हारचा फोन लढाई सुरू झाल्यापासून बंदच होता. पलटणीतल्या ज्या दोन पोरांचे नंबर तिच्याकडं होते, तेही लागत नव्हते.

शेजारची शकुबाई हळूच म्हणाली, "पोरी, गळ्यातलं आता..."

"मला पलटणीतनं कुणी कळवलं न्हाय," प्रगती म्हणाली. "तवर मी काय काढायची न्हाय. अन् तुमीबी आता घरी जावा."

कुणी गेलं नाही. म्हस्कूनं पाय धुतले आणि ओट्याच्या कडेला बसला. त्याला आठवलं, पोरगं भरती झालं तेव्हा आपणच गावाला जेवण घातलं होतं.

दिवेलागणीला प्रगतीच्या फोनवर अनोळखी नंबर आला. तिनं कानाला लावला आणि खाली बसली. मग तिनं फोन सासऱ्याकडं दिला.

"आबा, मीच हाय. मला काय झालं न्हाय."

म्हस्कूला आवाज ओळखू आला, तरी त्यानं विचारलं, "कोन?"

"मल्हार, आबा. दुसऱ्याच्या फोनवरनं बोलतोय. आईला सांगा."

"मग गेला कोन?"

मल्हार म्हणाला, "सुप्याचा मल्हार शेंडगे. रावजीतात्यांचा पोरगा. शेजारच्या चौकीवर हुता. त्याची पार्सलं माझ्याकडं यायची, माझी त्याच्याकडं. आबा, ठेवतो आता."

साखरबाई तेव्हा रडली. बायका उठल्या. चौकात फटाके वाजले. लढाई थांबल्याची बातमीही त्याच वेळी आली होती, त्यामुळं ते नेमके कशासाठी वाजले ते कळलं नाही. लखन पळत आला. "आबा, माझ्याकडनं चूक झाली. पुढं पाठवायच्या आधी इचारायला पायजे हुतं. पेढं आणू का?"

"नको," म्हस्कू म्हणाला. "अन् फटाकं बंद करा."

म्हस्कू जेवायला बसला. सुप्यातही एक ओटा असेल आणि तिथल्या बायका काही उठल्या नसतील, हेच त्याच्या डोक्यात फिरत होतं. सुप्यातला अंत्यविधी उरकल्यावर तो प्रगतीला म्हणाला, "मी जाऊन येतो." ती म्हणाली, "मामा, मीबी येते."

बारामतीला गाडी बदलून दोघं सुप्याला उतरले. ऊन रणरणत होतं. गावाबाहेर माळाला लागून रावजीचं घर होतं. बाहेर लिंबाखाली सतरंजी टाकली होती. रावजी म्हस्कूच्याच वयाचा, अंगानं बारीक. कोण आलं, कोण गेलं याकडं त्याचं लक्ष नव्हतं.

"कुठलं पाव्हणं?" त्यानं विचारलं.

"सणसरचं. शेंडगेच हाय. माझ्या पोराचं नावबी मल्हार. तितंच असतो. आदी आमच्याकडंच सांगितलं हुतं, गेला म्हणून."

रावजी त्याच्याकडं बघत राहिला. "हाय ना तुमचा?"

"हाय."

"बरं झालं. बसा."

म्हस्कू त्याच्याजवळ बसला. प्रगती आत गेली. आत गेलेल्या मल्हारची आई दगडाबाई पडून होती. ती उठून बसली, प्रगतीचा हात हातात घेतला आणि तिच्या गळ्यातल्या मण्यांवर बोट ठेवून म्हणाली, "तुझाबी मल्हारच का गं? आमच्याचं औंदा लगीन जमवलं हुतं." मग तिनं हात सोडलाच नाही.

बाहेर रावजीचा पुतण्या दीपक आलेल्या लोकांशी बोलत होता. तो बारामतीच्या एका कॉलेजात शिकवायचा. अमेरिका मध्ये पडली, आता चर्चा होईल, असं तो सांगत होता. कुणीतरी विचारलं, "अणुबॉम्ब टाकतील का हो?"

"नाही टाकणार," दीपक म्हणाला. "दोघांकडंही आहे ना. म्हणून तर मोठं युद्ध होत नाही."

रावजीनं मान वर केली. "मोठं व्हत न्हाय?"

"नाही तात्या. दोघंही भितात. मग अशा लहान लहान लढाया होतात आणि थांबतात."

"म्हंजी ही लहान हुती."

दीपक सतरंजीचा कोपरा सरळ करायला लागला.

"न्हाय, मी इचारतोय," रावजी म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "तो बाँब कुणी वापरू नये म्हणून केला. बरं. तो तितं राखून ठिवला, त्याला काय झालं न्हाय. अन् माझं पोरगं गेलं. आता उद्या परत बोलनी करतील, हात मिळवतील. करू द्या. पण ह्याच्यात माझं पोरगं कुठं बसतंय, एवढं सांग मला."

मग रावजीनं म्हस्कूकडं वळून विचारलं, "त्याच्याजवळ कोन हुतं शेवटी, तुमच्या पोराला म्हाईत असंल का? सायेब लोकांनी सांगितलं, शूर हुता. ते मला म्हाईत हाय. जवळ कोन हुतं, ते कुणी सांगत न्हाय."

"तो सुट्टीवर आला की लावून देतो तुमच्याकडं," म्हस्कू म्हणाला.

परतीच्या गाडीत प्रगती खिडकीला डोकं टेकून बसली होती.

पावसाळा सरता सरता मल्हार सुट्टीवर आला. गावानं सत्कार ठरवला. तो गेला नाही. पहिले काही दिवस नुसता झोपून राहिला. जेवायला उठायचा, आईजवळ बसायचा, परत झोपायचा. मग एका सकाळी आपणहून गाडी काढून सुप्याला गेला. अंधार पडायला लागल्यावर परतला.

म्हस्कूनं विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं. पाणी आणायला गेला हुता, ड्रोन आलं. जवळ कुणी नव्हतं, आबा. आमाला जाग्यावरनं हलताच येईना. कळायलाच लई येळ गेला."

"तात्या काय म्हनले?"

"काय न्हाय. परत परत इचारलं, पाणी कुठनं आणायचा. झरा कसा हाय, किती लांब. मी सांगत बसलो. मग काकींनी भाकरी वाढली."

सुट्टी संपली तेव्हा म्हस्कू त्याला सोडायला भिगवणला गेला. पुण्याची गाडी उशिरा होती. मल्हारनं बॅग उशाला घेतली आणि फलाटावरच्या बाकड्यावर आडवा झाला. लगेच त्याला झोप लागली. एवढासा असताना मेंढरांमागं दमून तो असाच कुठंही झोपायचा. म्हस्कू त्याच्या पायांशी बसून राहिला. लांबून गाडी दिसायला लागली, बाकीचे लोक उठून पुढं गेले, तरी गाडी फलाटाला लागेपर्यंत त्यानं पोराला उठवलं नाही.