बदकाच्या पिल्लाचा शब्द

गाईचं वासरू, शेळीचं करडू, घोडीचं शिंगरू. बदकाच्या वाट्याला मात्र नुसतं पिल्लू. कोंबडीचं तेच, कुत्रीचं तेच. नवरा म्हणायचा, "अगं, शिकवायला दुसरा एखादा शब्द घे की." पण आमची चिमी दिवसभर छातीशी धरायची ते पिवळं रबरी बदकाचं पिल्लूच. मग मीही हट्टाला पेटले.

चिमी जन्मतःच बहिरी. कानाला मशीन बसवलं होतं. ते लागू पडलं तर पोर बोलायला शिकेल, नाहीतर सगळं संपलं, असं मी डोक्यात घेतलं होतं. ओठ दिसू नयेत म्हणून पाठमोरी मांडीवर घ्यायची, समोर चेंडू, गाडी आणि बदक मांडायचं आणि अगदी कानाशी जोर देऊन म्हणायचं, "पिल्लू!" सासूबाई म्हणायच्या, "भिंतीशी बोल, निदान ती हलणार तरी नाही." आणि एके दिवशी चिमीनं बदक उचललं. मग दर वेळी. मी टाळ्या पिटायची, ती माझे हात बघून हसायची.

आज दवाखान्यात, बोलायला शिकवणाऱ्या बाईंसमोर तिनं पहिल्या फटक्यात बदक उचललं. मी विजयानं बाईंकडे पाहिलं.

"छान. आता जरा दाराशी जाऊन म्हणा," बाई म्हणाल्या.

म्हटलं. चिमी गाडीचं चाक फिरवत राहिली. मोठ्यानं म्हटलं. मग अक्षरशः किंचाळले, "पिल्लू! अगं, पिल्लू!" बाहेरचा शिपाई डोकावून गेला. चिमीनं मान वळवली नाही.

बाई तिच्यामागे बसल्या आणि तोंडातून अवाक्षर न काढता तिच्या गालावर हळूच फुंकर मारली.

चिमीनं झटकन बदक उचललं.

"आई, तिला तुमचा श्वास लागत होता," बाई म्हणाल्या. "ऐकू काहीच येत नाहीये."

सामान कसंबसं पिशवीत कोंबलं आणि बाहेरच्या बाकावर येऊन ढसाढसा रडले.

चिमी बाकावर चढली. माझ्या ओल्या गालाशी तोंड आणून तिनं फू केलं आणि पिशवीकडे बोट दाखवलं. पुन्हा फू. पिल्लू हवं होतं तिला. जन्मात पहिल्यांदा तिनं काही मागितलं होतं, आणि तेही शब्दानं.

मी बदक काढून तिला दिलं. ती माझ्या हातांकडे बघत थांबली, म्हणून टाळ्या वाजवल्या, खूप जोरात. आवाज फक्त मला आला.