बदक वाजवा

पेंटरच्या हातातून पहिल्यांदा ब्रश गळून पडला, तेव्हा दुकानाच्या पाटीवरचं शेवटचं अक्षर अर्धंच झालं होतं. हात लगेच ठिकाणावर आला. पण पुन्हा तेच झालं, तेव्हा बायकोने त्याला हॉस्पिटलात नेलं. मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी डावी धमनी आतून थर साचून अरुंद झाली होती.

“थर काढला नाही, तर पक्षाघाताचा धोका मोठा आहे,” सर्जनबाई म्हणाल्या. “काढताना किंवा काढल्यावरही तो होऊ शकतो. शक्यता कमी, पण आहे.”

“म्हणजे ज्याला भ्यायचं, त्याच्याच दारात जाऊन बसायचं!” पेंटर म्हणाला.

“करून टाका,” बायको म्हणाली. “हात गेला तर दिवसभर घरात बसून माझं डोकं खाल.”

मान बधिर केली, त्याला मात्र जागं ठेवलं. उजव्या हातात दाबलं की वाजणारं एक रबरी बदक दिलं. धमनी चिमट्याने बंद असताना मेंदूला रक्त पुरतंय की नाही, हे बदकाच्या आवाजावरून कळणार होतं. बदक शेवटपर्यंत वाजत राहिलं.

“आमचे कान किटवले यांनी,” सर्जनबाई हसून म्हणाल्या आणि बदक त्यालाच देऊन टाकलं.

वॉर्डात तो बदक वाजवून बायकोला बोलावू लागला. पाणी दे, उशी सरकव.

“काय राजेशाही थाट!” ती कुरकुरायची. पण प्रत्येक आवाजासरशी तिच्या जिवात जीव यायचा.

संध्याकाळी बदक खाली पडलं. ती पाठमोरी चादर घडी करत होती. “पाडलंत ना? पुरे झाले लाड. उचला आता.”

उत्तर आलं नाही. नाटकं चाललीत, असं म्हणत तिने घडी पुरी केली, मग वळली. त्याचा उजवा हात पलंगावरून खाली लोंबत होता आणि तो त्या हाताकडे परक्याच्या वस्तूकडे बघावं तसा बघत होता.

शिवलेल्या जागी गुठळी झाली होती. तातडीने मान पुन्हा उघडली. जीव वाचला, बोलणं वाचलं. हात वाचला नाही.

“तुम्ही लगेच हाक मारलीत म्हणून एवढं तरी,” सर्जनबाई म्हणाल्या. चादरीच्या घडीबद्दल ती कुणाशीच बोलली नाही.

घरी उजव्या हाताच्या व्यायामाला तेच बदक होतं. “अहो, वाजवा की!” ती स्वयंपाकघरातून रोज ओरडायची. बदक मुकंच राहायचं.

एका सकाळी ते खणखणीत वाजलं. साबणाचे हात तसेच घेऊन ती धावली आणि दारातच थबकली. तो पाठमोरा बसला होता. समोर कपाटाचा आरसा होता. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. बदक डाव्या हातात होतं. पाटी रंगवून झाली की मागे सरून तो तिच्या शब्दाची वाट बघायचा, तसाच त्याचा चेहरा झाला होता.

ती पाऊल न वाजवता मागे फिरली. नळ सोडला.

“ऐकलं हो!” ती मोठ्याने म्हणाली. “उद्या याहून जोरात पाहिजे.”

बदक पुन्हा वाजलं.